जोहाराला उत्तर नव्हतं

दोस्तहो,

जात कुठं राहते असं विचारलं की आपण बोट दाखवतो. पोथीत, देवळात, पाणवठ्यावर, सातबाऱ्यावर. बरोबरच आहे. पण जात सगळ्यात आधी तोंडात राहते. दोन माणसं रस्त्यात समोरासमोर आली, कुणी आधी नमस्कार घातला, कुणी नुसती मान हलवली, कुणाला 'अहो' आणि कुणाला 'ए', एवढ्यावरनं परमुलखातला माणूससुद्धा सांगेल की यातला वरचा कोण आणि खालचा कोण. त्याला मनुस्मृती उघडायची गरज पडत नाही.

म्हणून आधीच एक गोष्ट मांडून ठेवतो. जो शब्द आहे तसा परत करता येतो, तो बरोबरीचा. जो परत करता येत नाही, तो जातीचा. मग तो बामणाच्या तोंडातला असो, पाटलाच्या तोंडातला असो, नाहीतर आपल्याच साहेबाच्या. ज्याला हे पटणार नाही त्यानं पुढं वाचावंच. भांडण त्याच्याशीच आहे.

*

आपला आजा-पणजा गावात शिरला की जोहार घालायचा. पाटलाला जोहार, कुलकर्ण्याला जोहार, पाटलाच्या नातवाला, जो अजून चड्डीत मुततोय, त्यालाही जोहार. आणि समोरनं काय यायचं? हुंकार. नाहीतर काम. 'लाकडं फोडून टाक.' 'सांगावा घेऊन जा.' जोहार गेला की तिकडंच राहायचा. पाटलानं उलट जोहार घातला असं कुठल्या म्हाताऱ्यानं आपल्याला सांगितलंय का? घातला असता तर गावगाडा त्याच दिवशी थांबला असता. बलुतं, वतन, येसकराची काठी, दाराशी उभं राहून मागितलेली शिळी भाकर, हे सगळं त्या एका न परतणाऱ्या शब्दावर उभं होतं.

आता दुसरीकडं बघा. हाच महार पलटणीत गेला. तिथंही वरचा-खालचा होताच, उलट जास्त कडक होता. पण तिथं सॅल्यूट होता. शिपायानं सॅल्यूट ठोकला की साहेबाला हात कपाळाला लावावा लागतो, नाही लावला तर तो साहेब बेशिस्त. गोपाळबाबा वलंगकर पलटणीतले पेन्शनर. बाबासाहेबांचे वडील सुभेदार. ज्यांनी पहिल्यांदा सवाल विचारले त्यांच्यात पलटणीचं पाणी प्यालेली माणसं दिसतात, हा योगायोग मी मानत नाही. शब्दाला शब्द परत मिळतो हे ज्यानं एकदा बघितलं, त्याला गावच्या वेशीवर जोहार घालताना जीभ जड होणारच.

मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, मागून खाणं सोडा. त्याच रेट्यात जोहारही गेला. पण जुना शब्द टाकला की तोंड मोकळं राहतं, आणि मोकळ्या तोंडात जुनी सवय परत शिरते. तिथं नवा शब्द बसवायला पाहिजे होता. तो बसवला कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी, असं मानलं जातं. १९०४ चा जन्म, १९३९ ला मरण. जेमतेम पस्तीस वर्षांचं आयुष्य. त्यात या माणसानं बिडी कामगार संघटित केले, आणि १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्षाकडून मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात गेला. सांगतात की मुसलमानांचा सलाम त्यानं नीट समजून घेतला होता. एकानं 'सलाम आलेकुम' म्हटलं की दुसऱ्यानं 'वालेकुम सलाम' म्हणून ते परत करायचंच. तशीच जोडी त्यानं केली. 'जय भीम' म्हटलं की 'बल भीम' म्हणायचं. पुढं ते 'बल भीम' गळालं आणि उत्तरही 'जय भीम'च झालं.

हे गळणं फार मोठं आहे, दोस्तहो. आता जाणारा शब्द आणि येणारा शब्द एकच. झाडूवाला 'जय भीम' म्हणतो, कलेक्टर 'जय भीम' म्हणतो. सात वर्षांचं पोर म्हणतं, सत्तर वर्षांची आजी तेच परत करते. कमी नाही, जास्त नाही. आपण 'जय भीम'चा अर्थ सांगताना फक्त बाबासाहेबांचं नाव सांगतो. अर्ध्या अर्थावर थांबतो. उरलेला अर्धा त्याच्या परत येण्यात आहे.

*

आपल्या मुलखातली एक गोष्ट सांगतो. बाराव्या शतकातली, कल्याणातली. राजा बिज्जळ, ज्याच्या घराण्याचं मूळ ठाणं आपल्या जिल्ह्यातलं मंगळवेढं. लिंगायतांच्या घरी ही गोष्ट लहान पोरांना सांगतात. हरळय्या चांभार रस्त्यानं चालला होता. समोरनं बसवण्णा आला. हरळय्यानं 'शरणु' म्हटलं. बसवण्णानं 'शरणु शरणार्थी' असं उत्तर दिलं. एकाला दोन. हरळय्या घरी गेला तो बेचैन. एवढ्या मोठ्या माणसाकडनं एक शरणु जास्तीचा आला, हे कर्ज फेडायचं कसं? मग त्यानं आणि त्याच्या बायकोनं, कल्याणम्मानं, आपल्या मांडीचं कातडं काढून बसवण्णासाठी जोडा शिवला.

सगळे याला भक्ती म्हणतात. मी याला जातीचं गणित म्हणतो. बसवण्णाची नियत साफ होती, त्यानं तर आपल्या काळात कुणी केलं नाही ते केलं. पण हरळय्याकडं बघा. पिढ्यानपिढ्या एक शब्द परत मिळालेला नाही. एक दिवस मिळाला, तर त्याला तो हक्क वाटत नाही, कर्ज वाटतं. आणि कर्ज फेडायला स्वतःच्या कातड्याशिवाय दुसरं काही सापडत नाही. पुढं हरळय्याच्या पोराचं बामण मधुवरसाच्या पोरीशी लग्न झालं. परंपरा सांगते, दोन्ही बापांना हालहाल करून मारलं. शरणु दुप्पट झाला तोवर राज्यानं ऐकून घेतलं. शरणुचं सोयरपण झालं तेव्हा हत्ती सोडले.

आजचे हरळय्ये बघायला कल्याणला जायला नको. वरच्या जातीचा कुणी पुढारी वस्तीत येतो, आपल्या चटईवर बसतो, आपल्या हातचा चहा पितो. फोटो निघतो. आणि आपला कार्यकर्ता तो फोटो महिनाभर दाखवत फिरतो. अरे, चटई तुझी, साखर तुझी, दूध तुझं, आणि कर्जही तुझ्याच डोक्यावर? इलेक्शनला ते कर्ज फेडायला तू अख्ख्या गल्लीचं कातडं काढून देतोस. तो माणूस चहा प्यायला येतो, पण तू त्याच्या घरी न बोलावता जाऊन चहा मागू शकतोस का? नसशील, तर तो शब्द परत करता येणारा नाही. फोटो फाडून टाक.

*

आता भवानी पेठेत या. इथं दोन दोस्त भेटले की पहिला शब्द 'काय बे'. 'काय करायलास बे?' 'काय नाय बे, तू सांग बे.' पुण्या-मुंबईच्या माणसाला ही शिवी वाटते. आपल्याला माहीताय ती माया आहे. माया का आहे? कारण 'बे' ला 'बे' परत येतो. तोच 'बे' मुकादमाच्या तोंडातनं गटारात उतरलेल्या माणसाकडं जातो तेव्हा काय होतं? तो खालनं वर बघून 'काय बे मुकादम' म्हणू शकतो का? नाही. तिथं तोच 'बे' चाबूक होतो. अक्षर बदललेलं नाही. रस्ता एकतर्फी झालाय.

म्हणून शब्द गोड आहे की कडू हे बघू नका. 'बाळा', 'राजा', 'आमचा वाघ' म्हणून पोरांना रात्री दोन वाजता बॅनर बांधायला खांबावर चढवणारे आपण बघतोच. शब्द मधासारखा. पण पोरगं खाली उतरून 'आता तुम्ही चढा, राजे' म्हणू शकत नाही.

आणि आता आपल्याच बैठकीत चला. सतरंजी एक, खुर्च्या दोन. बैठक सहाची, साहेब आठला. साहेब बोलतो, पोरं ऐकतात. एखाद्यानं हिशेब विचारला की 'तू कालचा पोरगा'. पोरगं गप. बैठक संपते, ठराव एकमतानं मंजूर. मग तेच पोरगं खाली पानटपरीवर उभं राहून अर्धा तास साहेबाची आई-बहीण काढतं. वर जोहार, खाली शिव्या. हेच तर आपला आजा करत होता! चावडीवर मान खाली आणि वाड्यात येऊन पाटलाच्या नावानं बोटं मोडणं. बाकी सगळं बदललं, हे तसंच राहिलं.

'साहेब' हा शब्द परत येतो का? साहेब कधी पोराला साहेब म्हणतो? आपल्या चळवळीत एका माणसानं हा शब्द कमावला होता, आणि तो लोकांनी प्रेमानं नावालाच जोडला. त्या नावातला 'साहेब' आपण फोडून काढला आणि गल्लीगल्लीत वाटला. आणि ज्याच्या नावातनं फोडला तो काय सांगून गेला? २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. त्याच भाषणात त्यांनी सांगितलं की संसदेची रीत भारताला नवी नाही. भिक्खू संघाला बसण्याची रीत माहीत होती, ठराव मांडायची माहीत होती, गणपूर्ती माहीत होती, मतं मोजायची माहीत होती. म्हणजे आपला वारसा गोल बसून बोलणाऱ्यांचा आहे, आणि आपण बैठकीला खुर्च्या मांडतो दोन.

आता तर मोबाइलवर ग्रुप आलेत. नाव 'समता', नाहीतर 'क्रांती'. आत जाऊन बघावं तर खाली एक ओळ, 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात'. दोनशे पोरं त्यात. त्यांनी फक्त अंगठा दाखवायचा. आपल्या आज्याचा अंगठा सावकाराच्या कागदावर उठायचा. नातू एम. ए. झाला आणि अंगठ्यावरच राहिला.

*

आपण विसरलोय की आपल्या चळवळीची सुरुवात मैदानातनं झाली नाही. २० जुलै १९२४ ला मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सहा महिन्यांत, जानेवारी १९२५ ला, सभेनं वसतिगृह काढलं ते कुठं? आपल्या सोलापुरात. हायस्कुलात शिकणाऱ्या आपल्या पोरांसाठी. त्या पोरांनी स्वतःचं एक मासिक चालवलं, 'सरस्वती विलास' नावाचं. सभेनं मुंबईत मोफत वाचनालय काढलं, आणि पोरं दारू-जुगारापासनं लांब राहावीत म्हणून महार हॉकी क्लब काढला.

वसतिगृह, मासिक, वाचनालय, हॉकी. यातलं एक तरी काम स्टेजवरनं होतं का? वसतिगृहात शेजारच्या खाटेवरच्या पोराशी भांडावं लागतं आणि सकाळी त्याच्याच बरोबर जेवावं लागतं. मासिकात एकानं लिहिलं की दुसरा खोडून काढतो. हॉकीत चेंडू द्यावा लागतो, आणि परत घ्यावा लागतो. जो देत नाही त्याची टीम हरते. माणसाला माणूस जोडायची ही शाळा होती. महाडचं तळं त्यानंतर दोन वर्षांनी आलं. आपण तळं लक्षात ठेवलं, खोली विसरलो.

आणि हे बाबासाहेबांनी विचार करून केलं होतं. कोलंबियात त्यांना जॉन ड्यूई शिकवायला होता. १९३६ ला लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी जे भाषण लिहिलं, जे मंडळानं होऊ दिलं नाही आणि त्यांनी स्वतः छापलं, त्यात लोकशाहीचा अर्थ त्यांनी सरकारच्या पलीकडं नेला. लोकशाही म्हणजे आधी एकत्र जगण्याची रीत. एकाचा अनुभव दुसऱ्यापर्यंत मोकळेपणानं पोचणं. समाजाच्या एका कोपऱ्यात काही घडलं तर ते दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत झिरपायला वाटा पाहिजेत, असंख्य वाटा. जातीनं या वाटाच बुजवल्या, हा त्यांचा आरोप. आता आपल्या मंडळाकडं बघून सांगा. खालच्या पोराचा अनुभव वरपर्यंत झिरपायला आपण किती वाटा ठेवल्या? आपण त्या बुजवल्या असतील तर आपण कुणाचं काम करतोय?

*

फूट. या शब्दाशिवाय आपला इतिहास लिहिताच येत नाही. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, दोन वर्षांच्या आत दुरुस्त-नादुरुस्त सुरू. १९७२ ला पँथर उठला, १९७४ ला फुटला, १९७७ ला विसर्जनाची घोषणा. १९९८ ला एकी झाली तेव्हा प्रकाश आंबेडकर, रा. सु. गवई, रामदास आठवले, जोगेंद्र कवाडे असे चौघे एकदम लोकसभेत गेले. ती एकीही टिकली नाही.

दर वेळी आपण म्हणतो, प्रस्थापितांनी फोडलं. फोडणारे फोडणारच, त्यांचा तो धंदा आहे. वादाचे मुद्देही खोटे नव्हते. मार्क्स की बुद्ध, हा वाद घालण्यासारखाच होता. पण लाकूड फोडायला आधी चीर लागते. ती चीर कशी पडते, हे आपल्या घरातल्याच एका जुन्या गोष्टीत सांगितलंय.

कोसंबीची गोष्ट. एका विहारात दोन नामवंत भिक्खू. एक धम्म सांगण्यात पटाईत, दुसरा विनयाचा जाणकार. धम्मवाला शौचकुपातनं बाहेर आला, भांड्यात थोडं उरलेलं पाणी तसंच ठेवलं. विनयवाला म्हणाला, हा दोष आहे. धम्मवाला म्हणाला, मला माहीत नव्हतं, असेल तर कबूल करतो. विनयवाला म्हणाला, मुद्दाम केलं नसशील तर दोष नाही. विषय मिटला. दोघांत मिटला! पण विनयवाला बाहेर गेला आणि आपल्या शिष्यांना म्हणाला, 'त्याला दोष कशाला म्हणतात तेही कळत नाही.' शिष्यांनी ते धम्मवाल्याच्या शिष्यांना ऐकवलं. धम्मवाला म्हणाला, 'मघा दोष नाही म्हणाला, आता आहे म्हणतो. खोटारडा.' तेही शिष्यांनी पोचवलं. संघ उभा फुटला. तांब्याभर पाण्यावरनं. बुद्धानं समजावलं, ऐकलं नाही. बुद्ध एकटा उठून रानात निघून गेला.

दोस्तहो, भांडण पाण्याचं होतं का? समोर एक आणि मागं दुसरं, आणि मधे निरोप पोचवणारे, हे भांडण होतं. आपल्या मंडळात पाण्याच्या जागी पावतीपुस्तक येतं, मिरवणुकीतली पुढची जागा येते, बॅनरवरचा फोटो कितवा ते येतं. बाकी शिष्य तेच. 'तुझ्याबद्दल तो काय म्हणत होता माहीताय का बे?' या एका वाक्यानं जेवढ्या संघटना मारल्या तेवढ्या पोलिसांनी मारल्या नसतील.

आणि मग कोसंबी कुणी दुरुस्त केली? उपासकांनी. साध्या माणसांनी. त्यांनी ठरवलं की या भांडखोरांना वंदन करायचं नाही, उठून उभं राहायचं नाही, भिक्षा वाढायची नाही. नमस्कार बंद, भाकरी बंद. थोड्याच दिवसांत भिक्खू श्रावस्तीला बुद्धाकडं गेले आणि समेट झाला. आपल्या वस्तीला ही ताकद आहे हे वस्तीला माहीतच नाही. भांडणाऱ्या दोन गटांना आपण दोन वेगवेगळ्या वर्गण्या देतो आणि दोन्ही स्टेजच्या समोर टाळ्या वाजवतो.

संघानं पुढं नियम केले. वाद मिटवायचा तर ज्यांचा वाद त्यांच्या समोर. सम्मुखाविनय त्याचं नाव. पाठीमागं दिलेला निकाल, निकालच नाही. आणि दुसरी गोष्ट पवारणा. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खू संघापुढं म्हणणार, माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसता संशय असेल, तरी सांगा. थोरल्यापासनं सुरुवात. सगळ्यात थोरला आधी हात जोडणार आणि धाकटे ऐकणार.

आपण वर्षावासात वस्तीवस्तीत 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चं वाचन करतो. आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा. चांगलं आहे. शेवटच्या दिवशी खीरदान करतो. पवारणा कुठं करतो? साहेब कधी हात जोडून म्हणाला का, पोरांनो, माझं काय चुकलं सांगा?

*

घराचा उंबरा ओलांडल्याशिवाय हा लेख संपत नाही. २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली आपल्या बायकांची परिषद झाली. बाबासाहेबांनी तिथं सांगितलं की लग्न झालेल्या पोरीनं नवऱ्याच्या बरोबरीनं उभं राहावं, त्याची मैत्रीण म्हणून, आणि त्याची गुलाम व्हायला नकार द्यावा. आपल्या किती कार्यकर्त्यांच्या घरात हे ऐकू आलंय? ती म्हणते 'अहो, ऐकलं का'. तो म्हणतो 'ए'. 'अहो' परत येत नाही. स्टेजवर समतेवर पाऊण तास, आणि घरात 'ए, पाणी आण'. बैठकीत बाया भिंतीकडंला, चहा आला की उठणार त्याच. ठरावावर सह्या घेताना त्यांचे अंगठे मात्र मोजून घेतो. जोहार मेला नाही, बाबांनो. आपण त्याला घरी आणून ठेवलाय, आणि आता तो आपल्याला घातला जातो म्हणून ऐकायला गोड लागतो.

बोलायचं कसं हे शिकायचं असेल तर दुपारी पेठेतल्या कुठल्याही बोळात जाऊन बघा. बाया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलेल्या असतात. पाच-सहा जणी, गोल. एक तेलुगूत बोलते, दुसरी मराठीत उत्तर देते, तिसरी कानडी, चौथी मोमीन घरची, तिची दखनी. अक्का, अण्णा, भाभी, मावशी. हात थांबत नाही, तोंड थांबत नाही. कुणाच्या नवऱ्यानं हात उगारला, कुणाच्या पोरीचं स्थळ, कारखान्यात आज किती बिड्या छाटात काढल्या. एकीचं दुखणं संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं होतं. अध्यक्ष नाही, सूत्रसंचालन नाही, हारतुरे नाहीत. याच बायका लाल बावट्याखाली संघटित झाल्या, आणि २००६ साली कुंभारीत त्यांच्या दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची. झेंड्यावरनं वाद घालायचा तर घाला. पण गोलात बसलेल्या माणसांना पटकन फोडता येत नाही, एवढं त्यांच्याकडनं शिका.

आणि आपण याच शेजाऱ्यांशी कधी बोलतो? पद्मशाल्यांशी, मोमिनांशी, मातंग-चांभारांशी? तणाव झाला की शांतता कमिटीत. नाहीतर इलेक्शनला. नारळी पौर्णिमेला त्यांच्या मार्कंडेयाचा रथ जातो, आपण बघे. एप्रिलात आपली मिरवणूक जाते, ते बघे. आणि मधे डॉल्बीची भिंत. डॉल्बीला उत्तर देता येत नाही, खिडकी तेवढी लावता येते.

*

कुणीतरी म्हणणारच, नोकऱ्या संपल्या, लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी बंद पडून जमाना झाला, खासगीकरण दारात आलं, गावोगाव अत्याचार चाललेत, आणि तुम्ही 'बे' आणि 'अहो' काय घेऊन बसलात? त्याला माझा उलटा सवाल आहे. अत्याचार झाला त्या रात्री फोन केल्यावर किती जण येतात? जे येतात ते भाषण ऐकून आलेले असतात, की कुणीतरी कधीतरी त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या शेजारी बसून, त्यांचं ऐकून घेतलेलं असतं म्हणून? मोर्चाला लाख येतील. कोर्टाच्या दहाव्या तारखेला साक्षीदाराबरोबर कोण जातं? तो एकच असतो. लाख आणि एक, यांतला जो एक आहे तो भाषणानं तयार होत नाही.

दुसरा म्हणेल, शिस्त कुठं राहील? शिस्त पाहिजेच. समता सैनिक दल बाबासाहेबांनी उगाच नाही उभं केलं. पण वर सांगितलं ते विसरू नका. सॅल्यूटसुद्धा परत होतो. परत न होणारी शिस्त ही गावकी.

म्हणून या वर्षी एवढं करा. बैठकीतल्या दोन खुर्च्या उचला, नाहीतर सगळ्यांना द्या. सगळ्यात लहान असेल त्यानं आधी बोलायचं, पुढाऱ्यानं शेवटी. चहा पोरांनी करायचा. कुणी दुसऱ्याबद्दल सांगायला आला की त्याला तिथंच थांबवून विचारायचं, 'हे त्याला सांगितलंस का? चल, दोघं मिळून जाऊ.' नाही म्हणाला तर ऐकून घ्यायचं नाही. ग्रुपवरचं कुलूप काढायचं. हिशेब विचारणाऱ्याला कालचा पोरगा म्हणायचं नाही. घरात 'अहो' ऐकायचं असेल तर 'अहो' म्हणायला शिकायचं, नाहीतर दोघांनीही नावानं हाक मारायची. शेजारच्या अक्काच्या नमस्काराला तिच्या भाषेत उत्तर द्यायचं. आणि आश्विन पौर्णिमेला प्रत्येक मंडळात पवारणा. थोरल्यानं आधी उभं राहायचं. ज्याला उभं राहवत नाही त्याला वस्तीनं कोसंबीचा इलाज करायचा. वर्गणी बंद.

या लेखातलं ज्याला खटकलं असेल त्यानं पानटपरीवर बोलू नये. लिहून द्यावं. शिव्या असतील तर शिव्या, पण खाली नाव घालून. पुढच्या अंकात जसंच्या तसं छापू, आणि त्याला उत्तरही देऊ. हे पान एकतर्फी राहिलं तर याच्यात आणि साहेबाच्या माईकमध्ये काही फरक उरणार नाही.

जय भीम.

उत्तराची वाट बघतोय.